थर्मन योस्टचं धुकं

थर्मन योस्टने लंडन कधी पाहिलं नव्हतं. समुद्रसुद्धा त्याने हॉलिवूडला आल्यावर पाहिला, आणि तोही एकदाच, कारण वाळू बुटात जाते म्हणून तो त्याला आवडला नाही. पण आठ वर्षं लंडनचं धुकं तो एकटा करत होता. आमच्या स्टुडिओच्या कुठल्याही रहस्यपटात एखादा माणूस कोटाची कॉलर वर करून धुक्यातून चालत आला, तर त्या धुक्याच्या दुसऱ्या टोकाला थर्मन बसलेला आहे असं खुशाल समजावं.

मी त्याच स्टुडिओत नोंदी ठेवायचे. सिगारेट कोणत्या हातात होती, पेल्यात दारू किती उरली होती, टोपी सरळ होती की तिरकी, हे वहीत टिपायचं आणि पुढच्या शॉटला ते तसंच आहे ना, हे बघायचं. सिनेमा काही सरळ ओळीने काढत नाहीत. दिवाणखान्याचा सेट सोमवारी मोकळा मिळाला तर खुनी सोमवारी पकडला जायचा आणि खून बुधवारी व्हायचा. मग सोमवारी पकडलेला तो नट उरलेले पाच दिवस निरागस चेहरा करून वावरायचा. अशा गोंधळात कुणाला तरी सगळं लक्षात ठेवावं लागतं, ती मी, विनी ओडम. ‘विनीच्या वहीत आहे’ म्हटलं की भांडण मिटायचं, इतका त्या वहीचा दरारा होता. मला त्याचा फार गर्व वाटायचा. आता तो शब्द लिहितानाही लाज वाटते.

आमच्या भागाला सगळं हॉलिवूड कंगाल गल्ली म्हणायचं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मोठे स्टुडिओ एका सिनेमाला तीन-तीन महिने घेत, आम्ही सहा दिवसांत उरकायचो. रविवारी झोपायचं, सोमवारी नवा खून. आमच्याकडे एक दिवाणखाना होता आणि एक जिना होता, जो वर कुठेच जात नव्हता. पडदे बदलले की लॉर्डसाहेबांचा महाल, खुर्च्या काढल्या की पोलीस ठाणं. रस्ता दाखवायचा म्हणजे मात्र पंचाईत, कारण रस्त्याला दोन्ही बाजूंनी घरं लागतात. आमचे निर्माते लोबेलसाहेब म्हणायचे, “भिंतीला सुतार लागतो, रंगारी लागतो. धुक्याला एक थर्मन पुरतो.”

थर्मन मूळचा मधमाश्या पाळणारा. सॅन फर्नांडो खोऱ्यात, संत्र्याच्या बागांच्या कडेने त्याच्या चाळीस पेट्या होत्या. मंदी आली, बागा उजाड पडायला लागल्या, मध कुणी विचारेना. त्याच सुमारास आमच्याकडे एका सिनेमात जळक्या घराचा धूर हवा होता. कुणीतरी म्हणालं, खोऱ्यात एक माणूस आहे, त्याच्याकडे माश्यांना धूर द्यायचा भाता आहे. थर्मन तो भाता मांडीवर घेऊन ट्राममधून आला आणि आमचाच झाला. पुढे त्याने स्वतःच्या डोक्याने एक यंत्र जमवलं. खाली शेगडी, वर खनिज तेलाचा डबा आणि तोंडाशी तोच जुना भाता. एकदा दाबला की जमिनीलगत पातळ धुकं सरकत जायचं. दोनदा जोरात दाबला की माणसाला स्वतःचा हात दिसायचा नाही. दिवसभर तो त्या धुक्याशी हळू आवाजात बोलायचा. “चल गं बाई, सरक जरा. कोपरा राहिलाय.” त्याच्या कपड्यांना, केसांना, इतकंच काय डब्यातल्या सँडविचलाही तेलाचा वास यायचा.

उंच, लांब मानेचा, कानांनी जरा जास्तच जागा घेतलेली. बोलणं संथ. आमच्याकडे अहो-जाहो करायला कुणाला वेळ नव्हता, निर्माता तेवढा साहेब आणि बाकी सगळे एकेरी. त्यामुळे वीस वर्षांनी मोठ्या माणसाला मी ‘थर्मन’ म्हणायचे आणि तो मला ‘पोरी’.

एकदा खराखुरा इंग्रज नट कामाला आला होता. तो थर्मनला म्हणाला, “छान आहे. पण आमच्याकडचं धुकं पांढरं नसतं, पिवळट असतं. भांडी विसळलेल्या पाण्यासारखं.” झालं! थर्मनने चार दिवस तेलात मोहरीची पूड घालून पाहिली. सगळा स्टुडिओ शिंकत होता. शेवटी मी म्हटलं, “अरे बाबा, आपला सिनेमा काळा-पांढरा असतो.” तो आधी शिंकला. “ते खरंय,” म्हणाला, “पण मला तर दिसतं ना.”

हा माणूस असा होता. जे कुणी बघणार नाही तेही नीट करायचा.

आता आमची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलंय. कॅमेरा चालू झाला की आवाजही भरला जायचा, त्यामुळे कुणी तोंड उघडायचं नाही. थर्मन बसायचा फळ्यांच्या मागे. धुकं कधी सोडायचं आणि किती सोडायचं, हे त्याला कळणार कसं? म्हणून माझ्या हातात एक छोटी बॅटरी असायची. एकदा चमकवली की पातळ, दोनदा चमकवली की दाट. फळीला एक फट होती, तिच्यातून त्याचा एक डोळा माझ्या बॅटरीवर असायचा. मी वहीत लिहायचे, ‘दिवा एक’ किंवा ‘दिवा दोन’. आठ वर्षांत त्याचा हात एकदाही चुकला नाही. हे वाक्य मी मुद्दाम लिहितेय.

त्याची बायको नेव्हा दर बुधवारी खोऱ्यातून ट्रामने यायची. ठेंगणी, गोल, आणि हसायला लागली की आवाज भरणारा माणूस कानावरचं यंत्र काढून ठेवायचा. मक्याचा पाव, गुळमट चवीचे घेवडे आणि पिशवीत मधाच्या बरण्या. प्रत्येक बरणीवर तिच्या गोलसर अक्षरातली चिठ्ठी: ‘संत्र्याच्या फुलांचा मध. योस्ट. हलवू नये.’

“का गं, हलवला तर काय होतं?” मी विचारलं.

“काही होत नाही. पण असं लिहिलं की लोक जरा नीट वागतात.”

हिवाळ्यात बसून ती शेकड्याने चिठ्ठ्या लिहून ठेवायची. मध ती आम्हाला तसाच द्यायची, पण बरणी परत हवी. “बरणी रिकामी झाली की घेऊन ये,” हे निरोपाचं वाक्यच होतं त्या नवराबायकोचं. दोघांचा मिळून एकच फोटो होता, लग्नातला, आणि त्यात नेमके नेव्हाचे डोळे मिटलेले. थर्मन म्हणायचा, “आयुष्यात ही तेवढी एकदाच गप्प बसली, तर फोटोवाल्याने तेच टिपलं.”

सदतीस सालच्या सप्टेंबरात, एका बुधवारी, आमच्या गुप्तहेराला लंडनच्या गल्लीत एक फूलवाली भेटायची होती. तिला एकच वाक्य होतं. ते काम करणारी बाई आलीच नाही, तिचा घसा बसला होता. दिग्दर्शक गॅस्केल कमरेवर हात ठेवून सगळीकडे बघत होता. त्याची नजर घेवडे वाढणाऱ्या नेव्हावर थांबली.

“ती कोण?”

“माझी बायको,” थर्मन म्हणाला.

“बोलता येतं का तिला?”

“थांबवता येत नाही.”

तिच्या खांद्यावर शाल टाकली, हातात कापडी फुलांची जुडी दिली. तिला म्हणायचं होतं, “फुलं घ्या साहेब. शेवटचीच जुडी राहिलीय.” इतर वेळी जिच्या तोंडाला कुलूप नव्हतं, तिला त्या दिवशी सहा शब्द सुचेनात. जेवणाच्या सुट्टीभर मी तिच्यासमोर गुप्तहेर होऊन उभी राहिले. ती म्हणायची, “शेवटची फुलं घ्या जुडीसाहेब,” आणि आम्ही दोघी हसून वाकायचो. थर्मन पेटीवर बसून आमच्याकडे बघत होता. त्याने डबा उघडलाही नव्हता. “विनी,” तो मला म्हणाला, “आज पातळच सोडायचं ना गं? चेहरा दिसायला हवा. निदान एकदा तरी डोळे उघडे असलेली माझ्याकडे राहील.”

“पातळच,” मी म्हटलं. “दिवा एक. वचन.”

दिवे लागले, सगळे गप्प झाले, कॅमेरा सुरू झाला. नेव्हा खांबाशी उभी. शालीतून तिचा चेहरा असा काही उजळला होता की गॅस्केलसुद्धा पुढे वाकून बघायला लागला. मग आमचा हिरो डावीकडून चालत आला. त्याच्या गळ्यात मफलर नव्हता.

सोमवारी तो टॅक्सीतून उतरताना आम्ही चित्रित केला होता, गळ्यात चौकटीचा मफलर. टॅक्सीतून उतरून तो याच गल्लीत शिरणार होता. उकाडा होता, म्हणून सुट्टीत त्याने मफलर काढून खुर्चीवर टाकला होता आणि तो तिथेच राहिला होता. शॉटच्या आधी त्याला नखशिखांत बघणं माझं काम होतं. मी नेव्हाबरोबर हसत बसले होते.

लोबेलसाहेबांचा नियम असा, की ज्याच्या चुकीने शॉट परत घ्यावा लागेल त्याच्या नावाने निळी चिठ्ठी. एका महिन्यात तीन चिठ्ठ्या झाल्या की दार मोकळं. माझ्या दोन झालेल्या. घरी अंथरुणाला खिळलेली आई आणि एका खोलीत आम्ही दोघी. बाहेर नोकरीसाठी माणसं रस्त्याच्या टोकापर्यंत रांगा लावत होती. हे सगळं मी तेव्हा मनात आणलं, असं आता म्हणते. खरं तर काही आणलं नाही. अंगठ्याने काम केलं. बॅटरी एकदा चमकली, आणि मी ती पुन्हा चमकवली.

फळीमागे भाता दोनदा दाबला गेला. पांढरा लोट आला, हिरोचे खांदे गेले, मान गेली, खांब गेला, आणि नेव्हाचा चेहराही गेला. त्या पांढऱ्यातून तिचा आवाज आला, स्वच्छ, एकही शब्द न चुकता. “फुलं घ्या साहेब. शेवटचीच जुडी राहिलीय.”

“थांबवा!” गॅस्केल ओरडला. “एवढं धुकं कुणी मागितलं?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “मी एकदाच दाखवला.” आणि सगळ्यांच्या देखत वही उघडून लिहिलं, ‘दिवा एक’.

थर्मन फळीमागून बाहेर आला. निळ्या रुमालाने डोळे पुसत होता. “एकदाच?” तो म्हणाला. “मला दोनदा दिसला गं पोरी.” मी मान खाली घालून लिहिण्याचं सोंग करत राहिले. तो जरासा हसला. “मग पाणी आलं असेल डोळ्यांत. ती उभी होती ना समोर. एकाचे दोन दिसले.” सगळे हसले. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. गॅस्केलने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, “राहू दे. उलट खरं लंडन वाटतंय. पुढचा शॉट.” धुकं जास्त झालं म्हणून आमच्याकडे कधी शॉट परत घेत नसत. ती चूक धरतच नसत.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तीन पावलांवर उभा होता तो.

चार आठवड्यांनी सिनेमा जवळच्याच एका थिएटरात लागला, दुपारच्या खेळाला, दोन सिनेमांतला दुसरा. थर्मन लग्नाचा कोट घालून आला, नेव्हाने पीस लावलेली टोपी घातली होती. दाराशी तिकीट फाडणाऱ्याला तिने मधाची बरणी दिली आणि “रिकामी झाली की ठेवून दे, मी नेईन” असं बजावलं. मी त्यांच्या शेजारी बसले. सिनेमा पुढे सरकायला लागला आणि टॅक्सीचा शॉट येईना. हिरो घरातून निघाला तो थेट गल्लीतच. दोन सिनेमांच्या खेळात दुसऱ्याला तासाभरापेक्षा जास्त जागा नसते, म्हणून संकलन करणाऱ्याने टॅक्सीचा शॉट कापून टाकला होता. मफलर ज्यात होता ते एकुलतं एक चित्रच सिनेमात नव्हतं. हिरो उघड्या गळ्याने आला असता, तर जगात एकाही माणसाला काही वावगं वाटलं नसतं.

मग पडदा पांढरा झाला. आवाज आला. नेव्हाने थर्मनचा दंड धरला आणि मोठ्याने हसली. “आवाज तरी माझाच आहे बाई! पुढच्या खेपेला जरा कमी फुंक हं, धुकेवाल्या.” पुढच्या रांगेतल्या कुणीतरी ‘शू’ केलं. थर्मन मांडीवरची टोपी फिरवत राहिला. “माझ्यामुळे झालं,” तो म्हणाला. मी पडद्याकडे बघत राहिले. गुप्तहेर सिगारेटच्या राखेवरून खुनी शोधत होता. असे साठेक सिनेमे मी टिपून काढले असतील, आणि प्रत्येकात एक हुशार माणूस शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून गुन्हेगाराकडे बोट दाखवतो. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही, कारण वही माझ्याकडेच होती.

पुढची खेप आली नाही. दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात नेव्हाच्या पोटात गाठ निघाली. ती घरी पडून असताना मी रविवारी जायचे. डॉक्टरने दुखण्यावर थेंब दिले होते, मोजून द्यायचे. थर्मन ते कधी स्वतः द्यायचा नाही, शेजारणीला हाक मारायचा.

“अरे, तूच दे ना,” मी एकदा म्हटलं.

“नको. माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही. तिच्याकडे बघताना तर नाहीच.”

“दाखवले ना डॉक्टरला? डोळे ठणठणीत आहेत म्हणाला.”

“डॉक्टरने मला तिच्यासमोर बसवून कुठे तपासलंय,” तो म्हणाला.

त्या दिवशी थेंब मी मोजले. बारा. नेव्हाने ते घेतले आणि मला म्हणाली, “विनीने मोजले म्हणजे बाराच.” त्यानंतर मला तिच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नाही. ती एप्रिलात गेली, बागा फुलल्या होत्या तेव्हा.

थर्मन परत कामाला आला, पण आता दिवा एकदा चमकला तरी तो भात्यावर हात ठेवून थांबायचा. शॉट वाया जायचे. एक दिवस तोच लोबेलसाहेबांना म्हणाला, “मी भाता दाबतो, पण दिवा दुसऱ्या कुणी बघावा.” एका धुक्याला दोन माणसं ठेवणारा स्टुडिओ आमचा नव्हता. त्याने शेगडी, डबा सगळं तिथेच सोडलं, भाता तेवढा कागदात गुंडाळला आणि ट्राममध्ये बसला. त्याच्यानंतर भिंतीआडून कुणीतरी नुसता धूर सोडायचा. धुकं परत कधी झालं नाही.

मी दोन-तीन महिन्यांतून एकदा खोऱ्यात जायचे. रिकामी बरणी न्यायची, भरलेली आणायची. नेव्हाने लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्या संपत आल्या होत्या. बाजारच्या बरण्यांना तो आता काही लावायचा नाही, पण माझ्या बरणीवर न चुकता लावायचा. “तू तिची माणूस,” म्हणायचा. डोळ्यांचा भरवसा नाही म्हणून पेट्या वाहायचा ट्रक चालवणंही त्याने सोडून दिलं होतं. आणि दर खेपेला, कॉफी संपता संपता, तो विचारायचा, “वहीत एकच आहे ना गं?”

“एकच,” मी म्हणायचे.

एकदा खोटं बोलले, असं मी पूर्वी स्वतःला सांगायचे. पण पंधरा वर्षं, दर खेपेला, त्याच्या टेबलावर त्याचाच मध पावाला लावून मी ते नव्याने बोलत होते. आई गेली, स्टुडिओ बंद पडला, मी एका शाळेच्या कचेरीत लागले. निळी चिठ्ठी देणारं कुणी उरलं नव्हतं. तरी सांगितलं नाही. भीती राहिली नव्हती, फक्त त्याच्या नजरेतली ‘तिची माणूस’ ही माझी जागा मला सोडवत नव्हती.

बावन्न साली त्याचा फोन आला. फोनवर तो नेहमी ओरडून बोलायचा. “पोरी, रविवारी दुपारी टीव्हीवर आपलं लागतंय! शेजारणीने पेपरात वाचलं. ये.”

शेजारच्या ग्रेबर बाईंच्या घरी टीव्ही होता, त्या चर्चच्या जेवणाला जाताना किल्ली त्याच्याकडे देऊन गेल्या होत्या. आम्ही दोघंच बसलो. त्याने लग्नाचा कोट घातला होता, आता तो खांद्यांवर ढगळ झाला होता. घरातून येताना मिटल्या डोळ्यांचा तो फोटोही आणला होता, आणि टीव्हीवर उभा केला होता. साबणाच्या जाहिराती, मग खून, मग पुन्हा साबण. गल्ली आली तसा तो उठून काचेजवळ गेला. काच पांढरी झाली. त्याने डोळे मिटले आणि कान लावला. “फुलं घ्या साहेब. शेवटचीच जुडी राहिलीय.”

तो वळला तेव्हा त्याचा चेहरा ओला होता. “बघ,” म्हणाला, “अजून येतं डोळ्यांत पाणी. तेव्हा एकाचे दोन दिसले त्यात नवल काय.”

मग माझ्याच्याने राहवलं नाही. “थर्मन, दोनच होते.”

“काय?”

“दिवे. मी दोनदा दाखवला. वहीत खोटं लिहिलं.”

तो खुर्चीवर बसला. टीव्ही चालूच होता. “दोनदा?” त्याने विचारलं.

“दोनदा.”

त्याने दोन्ही हात पुढे धरून पाहिले, उलटे-सुलटे. मग फोटोकडे बघितलं, आणि पंधरा वर्षांत मी ऐकला नव्हता अशा हलक्या आवाजात म्हणाला, “नेव्हा, मला बरोबर दिसलं होतं गं. दोनच होते.” तो हसला. खरोखर हसला. एक क्षण मला वाटलं, देवा, सुटले मी, त्याचंही बरं झालं.

मग त्याने विचारलं, “पण कशासाठी?”

“त्याच्या गळ्यात मफलर नव्हता. टॅक्सीतून उतरताना होता. माझ्या लक्षात राहिलं नाही.”

तो विचार करत होता. संथ माणूस होता, पण सगळं नीट बघणारा. “टॅक्सी कुठाय?” म्हणाला. “आत्ता बघितला ना आपण सगळा. टॅक्सी नाहीच त्यात.”

“कापली. आधीच कापली होती.”

“मग मफलर कुणी बघितला असता?”

“कुणीच नाही.”

“आणि तुला हे कधी कळलं?”

“थिएटरात. तुम्हा दोघांच्या शेजारी बसले होते तेव्हा.”

मी माफ कर म्हटलं, दोनदा म्हटलं, त्याने मान हलवली, पण ती कशासाठी हलवली ते मला कळलं नाही. टीव्ही बंद केला, फोटो काखेत धरला, ग्रेबर बाईंच्या दाराला कुलूप लावलं, आणि आम्ही त्याच्या घरी आलो. माझी बरणी ओट्यावर भरून ठेवलेली होती. त्याने किटलीतल्या गरम पाण्यात फडकं बुडवलं, पिळलं आणि बरणीवरच्या चिठ्ठीवर धरून ठेवलं. डिंक सुटेपर्यंत धरलं. मग नखाने कडा उचलून ती अख्खी, न फाटता काढली आणि खिडकीच्या कठड्यावर वाळत घातली. ‘हलवू नये’ ही अक्षरं वर आली होती.

बरणी कोरडी पुसून त्याने माझ्या हातात दिली. “झाकण घट्ट आहे,” म्हणाला. “आणि बरणी ठेव तुझ्याकडेच. परत नको आणूस.”

मी बसच्या थांब्यापर्यंत चालत गेले. मागे वळून पाहिलं तर पेट्यांपाशी तो त्याच जुन्या भात्याने माश्यांना धूर देताना दिसत होता.